आधी प्रश्न, मग गुगल फॉर्म! मराठी शाळांवर संशोधन करणाऱ्यांनी आराखडा कसा निवडावा?

परीक्षा संपत आल्या की दरवर्षी आमच्याकडं ठरावीक फोन यायला लागतात. पलीकडं एम. ए., बी. एड. नाहीतर पीएच. डी. करणारं कुणीतरी असतं. “सर, सीमाभागातल्या मराठी शाळांवर प्रोजेक्ट करायलोय. तुमच्याकडं आकडे असतील की!” असतील तेवढे देतो. आठ दिवसांनी त्याच नंबरवरून गुगल फॉर्मची लिंक येते. वीस-पंचवीस प्रश्न आणि खाली विनंती : भरा आणि आपल्या ग्रुपवर पाठवा.

यंदा खानापूर तालुक्यातल्या एका मुलीनं असाच फॉर्म पाठवला आणि नंतर ती स्वतः भेटायला आली. शंभरावर उत्तरं जमली होती. ‘मराठी शाळा टिकल्या पाहिजेत का?’ या प्रश्नाला जवळजवळ सगळ्यांनी ‘होय’ म्हटलेलं.

“फॉर्म कुठं कुठं पाठवला होतास गं?”

“माजी विद्यार्थ्यांचे दोन ग्रुप, युवक मंडळाचा एक, आणि तुमच्यासारखे पत्रकार, सर.”

“मग यांची स्वतःची पोरं कुठल्या माध्यमात आहेत?”

ती गप्प झाली. तो प्रश्न फॉर्मवर नव्हताच. ज्यांनी मुलाचं नाव मराठी शाळेतून काढून इंग्रजी शाळेत घातलं, त्यातल्या किती जणांपर्यंत तो फॉर्म पोचला, हेही कळायला मार्ग नव्हता. विषय होता ‘मराठी शाळांची पटसंख्या घटण्याची कारणे’, आणि कारण ज्यांना माहीत, त्या माणसांना शोधून विचारायची सोयच नव्हती.

चूक तिची एकटीची नाही. ‘संशोधन पद्धती’चा पेपर सगळ्यांना असतो. आराखड्याचे प्रकार, व्याख्या, फायदे-तोटे पाठ होतात. पण आपल्या विषयाला त्यातला कुठला लावायचा, हे हाताला धरून क्वचितच कुणी सांगतं. मी कॉमर्सचा पदवीधर, संशोधक नव्हे. पण वीस वर्षं आकड्यांच्या बातम्या करताना स्वतः जिथं ठेचकाळलो, तेवढं तरी सांगता येईल.

आपल्याकडं आकड्याला वजन जास्त

कुठल्याही गावात कच्चं संशोधन झालं तर विद्यार्थ्याचं वर्ष वाया जातं. सीमाभागात त्याहून जास्त जातं. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्य पुनर्रचना झाली, १९६६ मध्ये महाजन आयोग नेमला गेला, १९६७ मध्ये त्याचा अहवाल आला, २००४ मध्ये महाराष्ट्र सर्वोच्च न्यायालयात गेला. या सगळ्या काळात वाद फिरत राहिलाय तो बराचसा आकड्यांभोवती : कुठल्या गावात कुठली भाषा बोलणारे किती. अशा ठिकाणी मराठी शाळांवरचा प्रबंध नुसता कपाटात पडून राहत नाही. एक बाजू तो भाषणात वापरते, दुसरी बाजू त्यातली भोकं दाखवते. भोकं खरीच असतील तर नुसता प्रबंध पडत नाही, त्यामागचा खरा प्रश्नही हसण्यावारी जातो.

माझंच उदाहरण देतो. काही वर्षांपूर्वी एका शाळेची पटसंख्या एका वर्षात खूप घसरली अशी बातमी मी दिली. दोन वर्षांचे आकडे समोर होते, वजाबाकी केली, मथळा तयार! दुसऱ्या दिवशी एका निवृत्त मुख्याध्यापकांचा फोन आला. “अहो, त्या वर्षी आठवीचा वर्ग शेजारच्या हायस्कूलला जोडला. पोरं कुठं गेली नाहीत, नुसती वही बदलली.” आकडा खरा होता, बातमी खोटी ठरली. आकडे दोन्ही वर्षांचे होते, पण एकाच गोष्टीचे नव्हते.

आराखडा म्हणजे प्रश्नावली नव्हे

बरेच विद्यार्थी ‘माझं डिझाइन सर्व्हे आहे’ किंवा ‘मी मुलाखत पद्धत वापरणार’ असं सांगतात. प्रश्नावली, मुलाखत, निरीक्षण ही माहिती गोळा करायची साधनं. गवंड्याची थापी आणि ओळंबा जसा. आराखडा म्हणजे घराचा नकाशा. त्यात चार गोष्टी ठरतात :

१. कुणाची तुलना कुणाशी करायची?
२. ती कुठल्या वेळी करायची, एकदाच की पुन्हा पुन्हा?
३. माणसं, शाळा किंवा गावं निवडायची कशी?
४. काय सापडलं तर आपला अंदाज चुकला असं मान्य करायचं?

चौथा मुद्दा बहुतेक जण सोडतात. माझ्या मते तोच सगळ्यात महत्त्वाचा. काहीही उत्तर आलं तरी आपलंच म्हणणं खरं ठरणार असेल, तर गावोगाव फिरून पेट्रोल जाळायची गरजच काय?

एकाच विषयात चार प्रश्न

‘मराठी शाळांची पटसंख्या’ हा विषय झाला, प्रश्न नव्हे. या एका विषयाच्या पोटात निदान चार वेगवेगळे प्रश्न आहेत आणि प्रत्येकाचा आराखडा वेगळा.

पहिला प्रश्न : आज किती मुलं आहेत आणि कुठं?

हा वर्णनाचा प्रश्न. एका ठरलेल्या दिवशीचं चित्र हवंय. कॉमर्सवाल्यांना सांगायचं तर हा ताळेबंद, म्हणजे ३१ मार्चला धंद्याची स्थिती काय होती एवढंच तो सांगतो. याला ‘एककालिक’ किंवा क्रॉस-सेक्शनल आराखडा म्हणतात. स्वस्त, लवकर होणारा. एम. ए. च्या प्रोजेक्टला बऱ्याचदा पुरतो.

पण ताळेबंद बघून धंदा वाढतोय की बुडतोय हे सांगता येत नाही. एका वर्षाचा पट मोजून ‘मराठी शाळा घटताहेत’ असं लिहिणं तसलंच आहे.

इथं घटक कुठला धरणार हेही आधी ठरवावं लागतं. शाळा, गाव, तालुका की जिल्हा? सीमाभागातल्या माणसाला हे वेगळं समजावायला नको. खेडं हा घटक, भाषिक बहुसंख्या आणि भौगोलिक सलगता हे पाटसकर सूत्र इथं पिढ्यान्‌पिढ्या ऐकलेलं आहे. जिल्हा धरला तर एक चित्र, खेडं धरलं तर दुसरं. शिवाय बेळगाव जिल्हा महसुलाला एक असला तरी शिक्षण खात्यासाठी बेळगाव आणि चिक्कोडी असे दोन शैक्षणिक जिल्हे आहेत. दोन ठिकाणचे आकडे जोडताना हे ध्यानात ठेवलं नाही, तर निम्मा जिल्हा गायब होतो.

दुसरा प्रश्न : घट खरंच होतेय का?

आता ताळेबंद नको, अनेक वर्षांचं नफा-तोटा पत्रक हवं. हा ‘दीर्घकालिक’ आराखडा. त्याच शाळा घ्यायच्या आणि दहा वर्षांचा पट लावायचा. किंवा दहा वर्षांपूर्वी पहिलीत आलेली मुलं घेऊन त्यांचा माग काढायचा : किती पाचवीपर्यंत राहिली, किती सातवीपर्यंत, बाकीची कुठं गेली? शाळेचं अ‍ॅडमिशन रजिस्टर आणि टीसीच्या नोंदी हा यासाठी मोठा ठेवा आहे. आपल्या भागात तो फारसा कुणी उघडत नाही.

यात तीन खड्डे आहेत.

एक, मोजण्याची पद्धत बदलते. शाळांची माहिती गोळा करणाऱ्या यूडायस प्लस या केंद्राच्या व्यवस्थेत २०२२-२३ पासून शाळावार बेरजेऐवजी प्रत्येक मुलाची स्वतंत्र नोंद होते. त्यामुळे त्याआधीचे आणि नंतरचे आकडे सरळ एका रेषेत जोडता येत नाहीत. तिथं दिसणारी घट काही अंशी मोजणीतली असू शकते.

दोन, गावात मुलंच कमी झाली असतील तर? जन्मदर घटलाय, कामासाठी माणसं पुण्याला, गोव्याला जातात. मग मराठी शाळेचा पट घटला यात माध्यमाचा दोष किती? म्हणून नुसती संख्या धरू नका, वाटा काढा. गावात पहिलीच्या वयाची मुलं किती आणि त्यातली मराठी शाळेत किती?

तीन, तुलना. त्याच गावातल्या सरकारी कन्नड शाळेचा पट काय म्हणतो? तोही तेवढाच घसरला असेल, तर प्रश्न मराठीचा राहत नाही, सरकारी शाळेचा होतो. हे उत्तर काहींना आवडणार नाही. पण आपला अंदाज चुकला असं कशावरून मानायचं, याचं उत्तर इथंच मिळतं.

तिसरा प्रश्न : पालक असं का ठरवतात?

घरात रात्री जेवताना नवरा-बायकोनं काय ठरवलं, हे रजिस्टरात सापडत नाही. तिथं माणसाजवळ बसावं लागतं. हा गुणात्मक अभ्यास. यात मोजकी माणसं, पण खोल बोलणं. किती मुलाखती? ठरलेला आकडा नाही. नवीन मुद्दा येईनासा झाला की थांबायचं, आणि आपण तसं का थांबलो हे लिहायचं.

एकाच गावाचा सखोल अभ्यास म्हणजे केस स्टडी. ‘एकाच गावावर प्रबंध? त्यात काय एवढं?’ असं अनेकांना वाटतं. पुण्याच्या शेतकी कॉलेजचे प्राचार्य हॅरॉल्ड मान यांनी पुण्याजवळच्या पिंपळे सौदागर या एका खेड्याचा अभ्यास १९१७ मध्ये पुस्तकरूपानं छापला. जमिनीचे तुकडे कसे पडत गेले आणि कुटुंबं कर्जात कशी अडकली हे त्यात इतक्या बारकाईनं आलंय, की शंभर वर्षांनंतरही अभ्यासक ते उघडतात.

आपल्या आणखी जवळचं उदाहरण कुपवाडचं. सांगलीला लागून असलेल्या या गावात कन्नड, मराठी, उर्दू बोलणारी माणसं पिढ्यान्‌पिढ्या शेजारी राहत आलेली. जॉन गंपर्झ आणि रॉबर्ट विल्सन या अभ्यासकांनी तिथलं रोजचं बोलणं तपासलं आणि १९७१ मध्ये निष्कर्ष छापला : शब्द ज्याच्या त्याच्या भाषेचे राहिले, पण वाक्याची ठेवण इतकी जवळ आली की शब्दाच्या जागी शब्द ठेवला तरी भाषांतर जमतं. जगभर भाषाशास्त्राच्या वर्गात कुपवाड शिकवलं जातं. हे हजार माणसांच्या प्रश्नावलीतून कळलं नसतं. ‘तुम्ही वाक्य कसं रचता?’ असं विचारून कोण सांगणार? तिथं ऐकत बसणं हाच आराखडा होता. पुढं सुमारे चाळीस वर्षांनी पुण्याच्या डेक्कन कॉलेजमधून त्याच गावाचा पुन्हा अभ्यास झाला आणि ते जुनं म्हणणं पारखून पाहिलं गेलं. जुन्या अभ्यासाकडं परत जाणं हाही एक आराखडाच आहे. आपल्या भागातल्या जुन्या पाहण्या शोधल्या, तर अशा संधी बऱ्याच निघतील.

मात्र केस स्टडीतून ‘सीमाभागातले ७० टक्के पालक असं म्हणतात’ अशी वाक्यं काढायची नसतात. एका गावावरून टक्केवारी निघत नाही. काय घडतं आणि कसं घडतं, हे निघतं.

चौथा प्रश्न : नेमकं कशामुळे?

‘इंग्रजी शाळेची बस गावात आली, म्हणून मराठी शाळा ओस पडली.’ हे वाक्य आपण रोज ऐकतो. खरं असेलही. पण सिद्ध कसं करणार?

सगळ्यात पक्का आराखडा म्हणजे प्रयोग. त्याचं एक गाजलेलं उदाहरण मराठी माणसांनी भरलेल्या वडोदऱ्यातलं आहे. ‘प्रथम’ संस्थेचा बालसखी नावाचा उपक्रम होता. वर्गात मागं पडलेल्या मुलांना स्थानिक तरुणी वेगळं बसवून वाचन-गणिताचा पाया पक्का करून घ्यायची. त्याचा खरंच उपयोग होतो का, हे अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वडोदरा आणि मुंबईतल्या पालिका शाळांत तपासलं. वडोदऱ्यात चिठ्ठ्या टाकाव्यात तशा पद्धतीनं शाळांचे दोन गट केले. एका गटात बालसखी तिसरीला दिली, दुसऱ्या गटात चौथीला. म्हणजे कुठलीही शाळा पूर्ण वंचित राहिली नाही, आणि तिसरीची तुलना तिसरीशी करता आली. पुढच्या वर्षी गटांची अदलाबदल. मुलांचे गुण वाढल्याचं दिसलं, २००७ मध्ये तो अभ्यास छापून आला. बॅनर्जी, डुफ्लो आणि मायकेल क्रेमर यांना २०१९ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, ते अशाच प्रयोगांच्या वाटेसाठी.

पण गावाला इंग्रजी शाळेची बस द्यायची की नाही, याची चिठ्ठी एम. ए. चा विद्यार्थी टाकू शकत नाही. मग दुसरी वाट : जिथं गोष्ट आपोआप घडलीय आणि जिथं घडलेली नाही, अशी सारखी गावं शोधायची.

समजा, एका गावात बस आली. आधी मराठी शाळेत ६० मुलं होती, नंतर ४२ झाली, म्हणजे १८ कमी. शेजारच्या, तेवढ्याच आकाराच्या पण बस न आलेल्या गावात ५८ ची ५० झाली, म्हणजे ८ कमी. ही आठची घट बस नसतानाही झालीच. म्हणून बसच्या खात्यावर फार तर १० मुलं टाकता येतील, १८ नव्हे. हिशोब साधा आहे, पण दुसरं गाव घेतलंच नाही तर सगळा दोष बसवर जातो.

यातही अट आहे. बस यायच्या आधीची चार-पाच वर्षं दोन्ही गावांचा पट साधारण एकाच गतीनं चाललेला हवा. नाहीतर बस आली म्हणून पट घटला, की पालकांचा कल आधीच बदलला होता म्हणून बस आली, हे सांगता येत नाही. बसवाला काही डोळे मिटून गाव निवडत नाही.

तिसरी वाट उलटीकडून जाते. ज्यांनी मराठी शाळा सोडली ते आणि ज्यांनी ठेवली ते असे दोन गट घ्यायचे, आणि मागं जाऊन त्यांच्यात फरक काय होता ते बघायचं. धूम्रपान आणि फुप्फुसाचा कॅन्सर यांचा संबंध रिचर्ड डॉल आणि ब्रॅडफर्ड हिल यांनी १९५० मध्ये असाच दाखवला. लंडनच्या दवाखान्यांतले कॅन्सरचे रुग्ण आणि इतर रुग्ण यांना त्यांच्या जुन्या सवयी विचारल्या. पण माणूस जुनं नीट आठवेलच असं नाही. म्हणून १९५१ मध्ये त्यांनी सुमारे ४० हजार ब्रिटिश डॉक्टरांच्या सवयी आधी नोंदवल्या आणि पुढची अनेक वर्षं त्यांचं काय होतं ते पाहिलं. प्रश्न एकच, आराखडे दोन, आणि दुसऱ्यानं पहिल्याचं दुबळेपण भरून काढलं.

शंभर फॉर्म म्हणजे किती?

“सर, किमान किती सॅम्पल पाहिजे?” हा ठरलेला प्रश्न. ढोबळ हिशोब असा : चिठ्ठ्या टाकून निवडलेल्या १०० माणसांत एखादं मत ५० टक्के निघालं, तर खरं उत्तर साधारण ४० ते ६० च्या दरम्यान कुठंही असू शकतं. ४०० माणसं घेतली तर फरक पाच टक्क्यांवर येतो. म्हणजे चूक निम्मी करायला माणसं चौपट लागतात.

पण हे सगळं ‘चिठ्ठ्या टाकून निवडलेल्या’ या शब्दांवर उभं आहे. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरलेल्या फॉर्मला हा हिशोब लागूच होत नाही, मग उत्तरं शंभर येवोत की दहा हजार. १९३६ मध्ये अमेरिकेत ‘लिटररी डायजेस्ट’ साप्ताहिकानं २० लाखांहून जास्त मतपत्रिका मोजून लँडन अध्यक्ष होणार असं सांगितलं. जिंकले रूझवेल्ट, तेही दणदणीत. नावं घेतली होती टेलिफोन आणि मोटारी असणाऱ्यांच्या याद्यांतून, म्हणजे खात्यापित्या घरांतून. शिवाय पत्रिका परत पाठवणारे वेगळे आणि न पाठवणारे वेगळे. आपले व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप हीच आजची टेलिफोन डिरेक्टरी.

माणूस शोधायचा कुठं हेही महत्त्वाचं. ‘प्रथम’चीच असर पाहणी २००५ पासून ग्रामीण मुलांचं वाचन-गणित तपासते, पण शाळेत जाऊन नव्हे, घरी जाऊन. शाळेत गेलं तर शाळेत न येणारं मूल सापडणारच नाही. मराठी शाळेच्या पालकसभेत फॉर्म वाटले, तर शाळा सोडून गेलेला पालक तिथं कसा भेटेल?

विचारतो कोण आणि कुठल्या भाषेत?

हा आपल्या भागाचा खास मुद्दा, पुस्तकात फारसा नसतो. ‘तुमची मातृभाषा कोणती?’, ‘घरात काय बोलता?’, ‘शाळा कुठल्या माध्यमात झाली?’ आणि ‘पेपर कुठल्या भाषेत वाचता?’ हे चार वेगळे प्रश्न आहेत. घरात मराठी, दुकानात कन्नड, मुलाच्या अभ्यासाला इंग्रजी, असं एकाच माणसाचं असतं. गोव्यात मातृभाषा कोकणी सांगणारी कितीतरी घरं रोज मराठी पेपर वाचतात. तिथं फक्त मातृभाषा विचारणाऱ्याच्या हिशोबातून हा वाचक गळून पडतो.

शिवाय भाषा विचारणं इथं साधी चौकशी नसते. दारात मराठी बोलणारा पोरगा वही घेऊन उभा राहिला की उत्तर एक, कन्नड बोलणारा आला की दुसरं, आणि सरकारी माणूस वाटला तर तिसरं. शक्य असेल तर दोन्ही भाषा जाणणाऱ्या दोघांनी मिळून काम करावं, आणि कुणी कुठल्या भाषेत विचारलं हे प्रत्येक फॉर्मवर लिहून ठेवावं. पुढं फरक दिसला तर निदान कळेल तरी.

इंदूर, ग्वाल्हेर, वडोदरा, हैदराबादच्या वाचकांसाठी प्रश्न वेगळा आहे. तिथं कळीचा मुद्दा शाळेपेक्षा घर. नातवंडं आजीशी मराठीत बोलतात की हिंदी-गुजराती-तेलुगूत? अशा अभ्यासाला तीन पिढ्यांची तुलना चांगली : त्याच घरातली आजी, आई आणि नात. वीस वर्षं थांबायला नको, बदल एका दुपारी दिसतो. फक्त एक सावधगिरी ठेवा. वयामुळे पडणारा फरक आणि काळामुळे पडणारा फरक यात गोंधळ होतो. आज हिंदीत बोलणारी नात लग्नानंतर मराठीकडं परत येते का, हे या आराखड्यात दिसत नाही.

परवानगी आणि नाव

शाळेत जायचं तर बीईओ ऑफिसची परवानगी आधी काढा. मुलांशी बोलायचं तर पालकांची संमती घ्या, आणि मुलानं ‘नको’ म्हटलं तर तेही माना. नाव छापलं नाही म्हणजे ओळख लपली असं समजू नका. दोन शिक्षकी शाळेतल्या ‘एका शिक्षिकेनं’ केलेली तक्रार कुणाची, हे गावाला पाच मिनिटांत कळतं. तुम्ही डिग्री घेऊन निघून जाल, तिला तिथंच नोकरी करायचीय.

आपल्याकडं वेळ किती हेही बघा. एम. ए. ला हातात चार-पाच महिने असतात. पीएच. डी. ला यूजीसीच्या २०२२ च्या नियमांनुसार किमान तीन आणि कमाल सहा वर्षं. चार महिन्यांत मुलांचा पुढचा माग काढता येत नाही, पण जुन्या रजिस्टरातून मागचा माग काढता येतो.

एका पानावर लिहा

गाईडकडं जाण्याआधी एका कागदावर एवढं लिहून बघा :

— माझा प्रश्न एका वाक्यात, शेवटी प्रश्नचिन्ह.
— तो किती, घटतंय का, पालक का ठरवतात, की कशामुळे, यातला कुठला?
— तुलना कुणाशी?
— माणसं किंवा शाळा कशा निवडणार, आणि या पद्धतीत कोण सुटून जाईल?
— काय सापडलं तर मी चुकलो म्हणेन?
— या अभ्यासातून काय सांगता येणार नाही?

खानापूरच्या त्या मुलीनं माझ्यासमोर बसून हे पान लिहिलं. तीनदा खोडलं. ‘सीमाभाग’ गेला, तालुका राहिला. मग तालुकाही गेला, सहा गावं राहिली. तीन जोड्या, प्रत्येक जोडीतलं एक गाव इंग्रजी शाळेच्या बसच्या वाटेवरचं, दुसरं नसलेलं, बाकी आकार आणि खानापूरपासूनचं अंतर साधारण सारखं. मराठी आणि, जिथं असेल तिथं, कन्नड शाळेचंही दहा वर्षांचं पहिलीचं रजिस्टर. आणि चोवीस पालक : बारा मराठी शाळेत मूल ठेवलेले, बारा काढून नेलेले.

“सर, विषय लईच बारका झाला की,” ती म्हणाली.

बारका झाला खरा. सीमाभागातल्या मराठी शाळांचं काय होणार, हे त्यातून कळणार नाही. पण त्या सहा गावांत किती मुलं गेली, कुठं गेली आणि नेताना आई-बाप काय म्हणाले, हे कळेल, आणि कुणी विचारलं तर ती रजिस्टरचं पान दाखवू शकेल. गाईडनं सही केलीय. जुना फॉर्म तिनं टाकून दिलेला नाही, ‘सुरुवातीची चाचपणी’ म्हणून परिशिष्टात ठेवणार आहे, तो कुठल्या ग्रुपवर फिरला होता या नोंदीसकट.

शाळा उघडल्या की पहिल्या गावात जायचं ठरलंय. जाताना मुख्याध्यापकांना एक प्रश्न आधी विचार, असं मी तिला सांगितलंय : गेल्या दहा वर्षांत इथला कुठला वर्ग दुसऱ्या शाळेला जोडला होता का?